वहीत अठराशे शब्द, तोंडात मात्र येईनात

पत्राचा सारांश: लातूर जिल्ह्यात, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या गावातली २६ वर्षांची परिचारिका लिहिते. नर्सिंग करून चार वर्षं झाली, सध्या तालुक्याच्या ठिकाणी रात्रपाळी असते. जर्मनीत नोकरीला जायचं म्हणून ऑनलाइन वर्ग लावलाय. ए-२ ही प्राथमिक पातळी झाली, बी-१ ही मधली सुरू आहे. वहीत १,८०० शब्द उतरवलेत: आधी जर्मन शब्द, मग देवनागरीत उच्चार, मग मराठी अर्थ. रोज तासभर वही वाचते, पण आठवड्यात अर्धे शब्द विसरतात. सराव मुलाखतीत समोरच्या बाईंनी तीन-चारदा ‘पुन्हा सांगा’ म्हटलं. वर्गातला एकजण म्हणाला, ‘पानी म्हणणाऱ्या जिभेला जर्मन झेपत नाही.’ घरात आजी कानडी बोलते, गल्ली उर्दू बोलते, बाकी सगळे मराठी. या सरमिसळीनं जीभ बिघडली का? नोकरी सोडून, दोन लाखांचं कर्ज काढून सहा महिने पुण्यात राहून क्लास करावा का?

ताई, नमस्कार.

आधी त्या ‘पानी’चं पाहू. तुम्ही घरी ‘पानी’ म्हणता, ड्यूटीवर ‘पाणी’ म्हणता. घरी ‘येळवस’ असते, कॅलेंडरवर तीच ‘वेळ अमावास्या’ वाचता. घरच्या बोलीत नसलेला ‘ण’ तुम्ही शाळेत गेल्यावर शिकलात, आणि कुठं कोणता वापरायचा हे आज विचार न करता ठरवता. नवा आवाज शिकणं आणि दोन आवाजांत हवा तो निवडणं, परकी भाषा बोलताना नेमकं हेच करायचं असतं. त्यामुळं तुमची जीभ बिघडलेली आहे असं मला अजिबात वाटत नाही.

अडचण खरी आहे, पण ती आधी कानात आहे. १९८४ साली कॅनडातल्या जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. वर्षाची होईतो बहुतेकांना तो कळेनासा झाला, कारण घरात त्याचा उपयोगच नव्हता. आपल्याला ‘ताक’ आणि ‘टाक’ एकसारखे वाटणं अशक्य, पण त्यांचा कान तिथं बंद झाला. जर्मनमधल्या काही स्वरांपुढं आपला कान तसाच बंद असतो. तो पुन्हा उघडता येतो, २६ व्या वर्षीही. मात्र त्यासाठी कानालाच काम द्यावं लागतं आणि नुसती वही वाचून ते होत नाही.

दुसरं, ‘जर्मन माणसासारखं’ बोलायचं हे ध्येय सोडून द्या. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ साली दाखवलं की परका हेल असणं आणि बोलणं न कळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांचा हेल ऐकणाऱ्यांना जड वाटला, त्यांतल्याही अनेकांचं बोलणं शब्दन् शब्द कळलं होतं. म्हणून काय दुरुस्त करायचं आणि काय सोडायचं याची निवड करा. घशातला ‘र’ जमत नसेल तर आपला ‘र’ चालू द्या. दक्षिण जर्मनीत जिभेच्या टोकाचा ‘र’ बोलणारी माणसं भरपूर आहेत. स्वराची लांबी, शब्दातला जोर आणि तीन-चार खास आवाज मात्र सोडता येणार नाहीत. त्या बाईंना ‘पुन्हा सांगा’ म्हणावं लागलं ते बहुधा यामुळंच.

आता तुमची वही. ‘खाट’ या शब्दापुढं तुम्ही ‘बेट’ लिहिलं असेल. बागेतल्या वाफ्याला जो जर्मन शब्द आहे त्यापुढंही ‘बेट’च येतो. खाटेतला ‘ए’ आखूड आहे, वाफ्यातला लांब, आणि मराठीत आखूड ‘ए’ लिहायची सोयच नाही. ‘राज्य’ आणि ‘शहर’ हे दोन्ही शब्द देवनागरीत ‘श्टाट’ होतात. पहिल्यातला ‘आ’ लांब, दुसऱ्यातला आखूड. आखूड दाखवायला ‘श्टट’ लिहावं तर आपला ‘अ’ येतो, तो आवाज निराळाच. इकार-उकारांचं अक्षर आपल्याकडं आहे, पण मराठी बोलताना त्यांच्या लांबीवर अर्थ क्वचितच ठरतो, म्हणून ऱ्हस्व-दीर्घ बरोबर लिहूनही तोंडातून दोन्ही सारखेच निघतात. रोज तासभर तुम्ही जे वाचलंत तो या देवनागरी रकान्याचा उच्चार होता, आणि तोच पक्का झाला.

मात्र हा फरक तुमच्या घरातच आहे. कानडीत ‘कोडु’ म्हणजे दे, आणि तोच ‘ओ’ लांबवला की ‘कोऽडु’ म्हणजे शिंग. आजीला दोन्ही शब्द पाच-पाचदा म्हणायला लावा आणि फोनवर ध्वनिमुद्रण करून घ्या. जर्मनमधले ‘उघडं’ आणि ‘भट्टी’ हे शब्द, ‘ओफन’ आणि ‘ओऽफन’, याच फरकावर उभे आहेत. कानडीत आणि तेलुगूत आखूड-लांब ‘ए’ आणि ‘ओ’ वेगळे आहेत. देगलूर-बिलोलीकडं ज्यांच्या कानावर तेलुगू पडते, त्यांनाही हा उपाय लागू आहे. सरमिसळीनं तुमचा कान उलट पुष्कळ तयार करून ठेवलाय.

मध्ये एक सूचना. इथं जर्मन शब्द मलाही देवनागरीतच छापावे लागताहेत. पुढं जिथं ‘यू’ दिसेल तिथं डोक्यावर दोन टिंबं असलेला जर्मन ‘उ’ समजा, आणि ‘ह्य’ दिसेल तिथं ‘मी’ या अर्थाच्या जर्मन शब्दातला शेवटचा आवाज. तुमच्या वहीत मात्र देवनागरीचा रकाना पूर्ण खोडा. त्या जागी जर्मन विक्शनरी या ऑनलाइन शब्दकोशात प्रत्येक शब्दापुढं दिलेली आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी वापरा. त्यातल्या दोनच खुणा आधी शिका: स्वरानंतरची दोन टिंबं म्हणजे लांब स्वर, आणि अवयवाआधी, म्हणजे शब्दाच्या एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्याआधी, वरच्या बाजूला छोटी उभी रेघ म्हणजे पुढच्या अवयवावर जोर. एवढ्यानं निम्मं काम होतं.

कानाचा सराव असा करा. दहा जोड्या निवडा. ‘बेट’ आणि ‘बेऽट’; ‘ओफन’ आणि ‘ओऽफन’; दोन्ही ‘श्टाट’; ‘फ्यूऽलन’ म्हणजे वाटणं आणि ‘फ्यूलन’ म्हणजे भरणं; ‘ड्रुकन’ म्हणजे छापणं आणि ‘ड्र्यूकन’ म्हणजे दाबणं; ‘किसन’ म्हणजे उशी, आणि ओठ गोल झाले की ‘क्यूसन’, म्हणजे मुका घेणं; ‘किर्ह्ये’ म्हणजे चर्च आणि ‘किर्शे’ म्हणजे चेरी. बाकीच्या तीन तुमच्या चुकांतून निघतील. फोर्वो या संकेतस्थळावर त्या-त्या भाषेच्या लोकांनी बोलून ठेवलेले शब्द मिळतात. एका शब्दाचे निदान चार आवाज घ्या, बायकांचे आणि पुरुषांचेही. एकाच आवाजावर भागवू नका. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात १९९० च्या सुमाराला जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजी ‘र’ आणि ‘ल’ ओळखायला शिकवण्याचे प्रयोग झाले. एकाच माणसाच्या आवाजावर शिकलेल्यांना नव्या माणसाचा उच्चार ओळखायला अडचण आली, अनेक आवाजांवर शिकलेल्यांना तो ओळखता आला. रोज १५ मिनिटं द्या. शब्द ऐकायचा, दोन्हींपैकी कुठला ते बोटानं दाखवायचं, लगेच उत्तर तपासायचं. २० पैकी १८ बरोबर येईपर्यंत ती जोडी बोलायच्या फंदात पडू नका. ऐकूच न येणारा आवाज तोंडाला दुरुस्त करता येत नाही.

हे साध्या तारेच्या इअरफोनवर करा. फोनच्या स्पीकरवर, त्यातही साध्या कॉलवर, वरच्या पट्टीचा आवाज कापला जातो आणि ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘ह्य’ यांतला फरक तिथंच असतो. वर्गात हे आवाज तुम्हाला कळले नसतील तर त्यात कॉलचाही दोष असू शकतो.

मग तोंड. दोन टिंबांच्या ‘उ’साठी आरशासमोर लांब ‘ई’ म्हणा. ‘ई’ चालू असतानाच, जीभ तसूभरही न हलवता, ओठ शिट्टीसारखे गोल करा. झाला. बिघडतं कुठं, तर ओठांबरोबर जीभही मागं सरकते आणि ‘ऊ’ निघतो. खालच्या दातांमागं जिभेचं टोक टेकलेलं आहे ना, याकडं लक्ष ठेवा. ‘ए’ म्हणत ओठ गोल केले की दोन टिंबांचा ‘ओ’ मिळतो. ‘ह्य’साठी पुन्हा ‘ई’ धरा आणि जीभ तिथंच ठेवून गळ्यातला आवाज तेवढा बंद करा. उरेल ती नुसती हवा, मांजर फिसकारल्यासारखी, पण ‘श’हून पातळ. ‘आ’, ‘ओ’, ‘उ’ नंतर त्याच (सी-एच) अक्षरांचा उच्चार घशातून होतो, आणि तो तुमच्या गल्लीत रोज ऐकू येतो: उर्दू बोलणारा शेजारी ‘ख़बर’ म्हणताना जो ‘ख़’ काढतो तोच. आपल्या दखनीत तर ‘क़लम’चाही ‘ख़लम’ होतो, त्यामुळं नमुन्यांना तोटा नाही.

एक आवाज मराठीत असूनही फसवतो. जर्मन ‘झेड’चा उच्चार म्हणजे ‘चाक’, ‘चूल’ यांतला दाताजवळचा ‘च’. ‘साखर’ या अर्थाचा ‘त्सुकर’ तुम्हाला सहज येईल. ‘खोली’ या अर्थाच्या ‘त्सिमर’ला मात्र जीभ अडेल, कारण मराठीत ‘इ’ आला की ‘च’ आपोआप ‘चिंच’मधला होतो. मग ‘चिमर’ निघतं. यासाठी ‘चाक, चूल, चोर’ म्हणा, पुढच्या ‘च’ला जीभ दाताशीच धरून थांबा, आणि मग ‘इ’ सोडा. आठवडाभर रोज २० वेळा केलं की सुटतं.

आता तुमच्या कामाचा सगळ्यात मोठा सापळा, आणि याकडं वर्गात फारसं कुणी लक्ष देत नाही. टेम्परेचर, टॅब्लेट, ऑपरेशन, इन्फेक्शन, पेशंट हे शब्द इंग्रजीमुळं आधीच ओळखीचे म्हणून वहीत घेतलेच जात नाहीत, आणि मुलाखतीत तेच इंग्रजी वळणानं बाहेर पडतात. ऐकणारा तिथंच अडतो. जर्मनमध्ये यांचा जोर बहुधा शेवटी असतो: टेम्पराटूऽर, मेडिकामेन्ट, ओपेरात्सिओऽन, पात्सिएन्ट. ‘टाब्लेट्टं’मध्ये तो मधल्या अवयवावर. ‘त्सि’ पुन्हा तोच, चाकाचा ‘च’ अधिक ‘इ’. दवाखान्यातल्या वॉर्डला जर्मनमध्ये जो शब्द आहे तो दिसतो ‘स्टेशन’सारखा, म्हणायचा ‘श्टात्सिओऽन’. सुई-सिरिंजचा शब्द ‘श्प्रित्से’. मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अवयवाला सारखं वजन देतो, जर्मन कान मात्र जोरावरून शब्द ओळखतो. असे ३० शब्द निवडा, जोराच्या अवयवाला टाळी देत म्हणा, आणि तो अवयव ठसठशीत नि उंच करा. महिनाभरात सगळ्यात जास्त फरक इथंच दिसेल.

शब्दाच्या शेवटी लिहिलेले ‘ग’, ‘ड’, ‘ब’ उच्चारताना ‘क’, ‘ट’, ‘प’ होतात, म्हणून ‘दिवस’ हा शब्द ‘टाऽक’ आणि ‘हात’ हा ‘हान्ट’. एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

विसरण्याबद्दल. वही वाचल्यावर ‘हे येतंय’ असं वाटतं, कारण उत्तर समोरच असतं. २००८ साली जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर यांनी विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द अर्थासह दिले. शब्द एकदा आल्यावर ज्यांनी तो पुन्हा-पुन्हा वाचला पण स्वतःची परीक्षा घेणं थांबवलं, त्यांना आठवड्यानं ३५ टक्क्यांच्या आसपास आठवले. जे स्वतःची परीक्षा घेत राहिले त्यांना ८० टक्के. आणि आधी विचारलं तेव्हा सगळ्यांचा अंदाज सारखाच होता, निम्मे आठवतील. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्या माणसाला हे नवीन वाटू नये; तिथंही खरा जोर सारख्या होणाऱ्या सराव परीक्षांवरच असतो. तुम्ही शब्दांचं तेवढं पाठांतर घेतलंत आणि परीक्षा वगळलीत. स्मरणशक्तीला दोष देऊ नका.

वही फेकायची नाही. जर्मन रकाना झाका, मराठी अर्थ बघा, पाच सेकंदांत डेर-डी-डास यांतलं लिंग दाखवणारं उपपद लावून मोठ्यानं शब्द म्हणा. आला तर टिंब, नाही तर फुली. एका बैठकीत ५०. फुल्या पडलेले शब्दच कार्डावर घ्या. अँकीड्रॉइड हे कार्डांची उजळणी करवणारं अॅप अँड्रॉइड फोनवर फुकट आहे आणि नेट नसतानाही चालतं. कार्डाच्या पुढच्या बाजूला मराठी अर्थ, किंवा शब्द गाळलेलं छोटं जर्मन वाक्य. मागं लिंगासह शब्द, अनेकवचन आणि ध्वनी. नवे शब्द दिवसाला दहाच. दहा नव्यांमागं रोजची उजळणी ७० ते १०० कार्डांवर जाते, म्हणजे वीसेक मिनिटं. हौसेनं रोज ४० घेतले की तिसऱ्या आठवड्यात ढीग अंगावर येतो आणि अॅपच बंद पडतं. बहुतेकांचं असंच होतं. सलग ड्यूट्यांमुळं ढीग साचलाच तर नवे शब्द शून्यावर आणा, रोज १०० जुने संपवा, मग पुन्हा सुरू करा. फोन नको असेल तर पाच कप्प्यांचा खोका करा: आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं पहिल्या कप्प्यात. पहिला रोज, दुसरा दिवसाआड, तिसरा आठवड्याला, चौथा पंधरवड्याला, पाचवा महिन्याला.

एका धड्यातले शरीराचे सगळे अवयव, सगळे रंग, सगळी नाती एकदम पाठ करू नका. अर्थानं जवळचे शब्द एकत्र शिकले की एकमेकांत मिसळतात. थॉमस टिंकहॅम यांनी १९९३ आणि १९९७ मध्ये हे तपासलंय. ‘क्नोखन’ म्हणजे हाड आणि ‘क्न्योह्यल’ म्हणजे घोटा, दोन्ही एकाच दिवशी घेतले तर वर्षभर घोळ घालतील. एक आज घ्या, तो पक्का झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा. पाठ्यपुस्तक नेमकं उलट करतं, त्यामुळं कार्डांचा क्रम तुम्हीच बदला.

रात्रपाळीत पहाटे तीनला नवे शब्द नकोत, तेव्हा फार तर उजळणी. नवे दहा सकाळी घरी आल्यावर झोपायच्या आधी. शिकल्यावर लगेच झोप मिळाली तर शब्द जास्त टिकतात. कानाचा सराव दुपारी उठल्यावर.

शब्द कुठले घ्यायचे? जर्मन शिकवणाऱ्या आणि परीक्षा घेणाऱ्या गोएथे-इन्स्टिट्यूटची बी-१ ची यादी फुकट मिळते, साधारण २,४०० शब्दांची. तुमची वही त्या यादीशी ताडून बघा. ऐकण्यासाठी डॉइचं वेलं या जर्मन प्रसारण संस्थेची ‘निकोस वेक’ ही मोफत मालिका ए-१ पासून बी-१ पर्यंत आहे, आणि सावकाश वाचलेल्या बातम्याही मजकुरासह मिळतात. नेट चांगलं असेल तिथं आठवड्याचा ऐवज उतरवून ठेवा.

आता पुणे. २० जणांच्या तासाभराच्या वर्गात एकेकाच्या वाट्याला बोलायला तीन मिनिटंही येत नाहीत, मग तो पुण्यात असो की ऑनलाइन. तुमची कमतरता नेमकी बोलण्याची आणि चूक लगेच दाखवली जाण्याची आहे. दोन लाख आणि सुटलेला पगार यांच्यापुढं आठवड्यातून दोनदा अर्ध्या-अर्ध्या तासाची एकास-एक शिकवणी फार स्वस्त पडेल. शिकवणाऱ्यांना आधीच सांगा: व्याकरण नको, बोलू द्या, आणि जिथं खरंच समजणार नाही तिथंच थांबवा. गावात नेट अजिबातच टिकत नसेल, किंवा बी-२ ला नर्सिंगची खास तयारी गटात करायची असेल, तर पुण्याचा विचार जरूर करा, पण तोही नोकरी सोडून नव्हे, परीक्षेआधी दोन-तीन आठवड्यांची रजा काढून. गोएथेच्या परीक्षेला पुणे किंवा मुंबईसारखं परीक्षा केंद्र गाठावंच लागेल. तिथं बी-१ चे वाचन, श्रवण, लेखन आणि बोलणं हे चार भाग वेगवेगळे देता येतात आणि प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. बोलण्यात अडलात तर तेवढाच भाग पुन्हा द्यायचा.

आणि सराव मुलाखत घेणाऱ्या बाईंना आजच एक निरोप पाठवा: नेमक्या कुठल्या शब्दांवर तुम्हाला ‘पुन्हा सांगा’ म्हणावं लागलं? चार शब्द जरी त्यांना आठवले तरी वरच्या दहा जोड्यांत राहिलेल्या तीन जागा त्यातूनच भरतील.